तुळजापूर घाटात गाडी तिसऱ्या गिअरला अडकली : पी०८६८ आणि १ लाख ८० हजारांचं एस्टिमेट

हुरडाप्रेमी | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, गिअरबॉक्समधल्या जाणकारांची मदत हवी आहे. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

गाडी सेकंडहँड घेतलेली पेट्रोल सेदान. ९२ हजार किलोमीटर झालेत. सहा गिअरची ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली (एएमटी नाही). आज मंगळवार म्हणून सासूबाईंना घेऊन तुळजापूरला निघालो. घाट लागेपर्यंत गाडी मस्त होती. घाटात पुढे कडब्याचा ट्रक रखडत चाललेला. त्याच्या पुढे जायला पाय दाबला आणि धाडकन मागून कुणी ठोकावं तसा झटका बसला. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरला चिकटून बसली ती सोडेचना. वर पोचल्यावर पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केली तर जणू काही झालंच नाही. दिवा मात्र तसाच. सासूबाईंचं निदान तयार होतं, "ओटीचं सामान घरी विसरलात, दुसरं काय होणार."

सोलापुरात परत आल्यावर एका वर्कशॉपला दाखवली. स्कॅनरवर पी०८६८ आला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलचं प्रेशर कमी. त्या पोराने स्कॅनरची पिन काढायच्या आधीच सांगून टाकलं, "पंप गेलाय, बॉक्स खोलावा लागेल, १ लाख ८० हजार धरून चाला." गाडी विकायला काढली तर साडेचार लाख येतील. रात्री जेवण गेलं नाही.

खरंच पंप गेला असेल का? की आधी काही तपासता येतं?

बाळीवेशी | मंगळवार, रात्री १०:५२

ऑटोमॅटिक घेऊ नको म्हणून घसा कोरडा केल्तो का नाही बे मी? आता काय करूलालास? रिक्षानं फिर.

कोथरूड_ते_कुर्डुवाडी | मंगळवार, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दिवा घालवून विकून टाका. ऑटोमॅटिकचा बॉक्स एकदा उघडला की आयुष्यभर उघडावा लागतो.

हुरडाप्रेमी | मंगळवार, रात्री ११:०९

दिवा घालवून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. आणि कुठला विकत घेणारा आजकाल स्कॅनर न लावता गाडी घेतो?

पाना_बारा | बुधवार, सकाळी ६:१५

दिवा घालवू नका! सगळ्यात आधी हे वाचा, मग चहा घ्या.

कोड पुसला की त्याच्यासोबत 'फ्रीज फ्रेम' जाते. दिवा लागला त्या क्षणाला इंजिनचे आरपीएम किती, वेग किती, लोड किती, तापमान किती, याची नोंद गाडीच्या संगणकात असते. तुमच्या अख्ख्या केसमध्ये सध्या तेवढाच एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे बहाद्दरही असतात, त्यात गिअरबॉक्सने शिकून ठेवलेलं सगळं पुसलं जातं आणि मग आठवडाभर गाडी नवशिक्यासारखी गिअर टाकते.

आता कोडबद्दल. पी म्हणजे पॉवरट्रेन, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, त्यानंतर ७, ८ किंवा ९ असेल तर विषय गिअरबॉक्सचा. पी०८६८ एवढंच सांगतो की संगणकाला जेवढं प्रेशर हवं होतं तेवढं त्याला दिसलं नाही. प्रेशर खरंच कमी होतं, असं तो म्हणत नाही. या दोन वाक्यांमधल्या फरकाची किंमत तुमच्या बाबतीत १ लाख ८० हजार आहे.

बॉक्सच्या आत एक पंप असतो. टॉर्क कन्व्हर्टर त्याला फिरवतो, म्हणजे इंजिन चालू की पंप चालू. पंपाचं ऑइल रेग्युलेटर व्हॉल्व्हमधून जातं आणि किती दाब ठेवायचा हे प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड (संगणकाच्या करंटवर चालणारा व्हॉल्व्ह) ठरवतो. हा दाब म्हणजे लाइन प्रेशर. याच दाबावर आतले क्लच घट्ट धरले जातात. आता विचार करा, दाब खरोखर कमी पडला तर क्लच घसरतील. आरपीएम वर जाईल आणि गाडी ओढणार नाही, मॅन्युअल गाडीत क्लचप्लेट संपल्यावर होतं तसं.

तुम्ही लिहिलंय "धाडकन झटका बसला". म्हणून विचारतो, झटक्याच्या आधी आरपीएमचा काटा उडाला होता का? नीट आठवून सांगा. आणि ऑइलची लेव्हल कुणी बघितली का?

हुरडाप्रेमी | बुधवार, सकाळी ७:३०

काका, काटा उडाला नाही, अगदी नक्की. आधी झटका बसला, मग दिवा लागला आणि मग गाडी अडकली. ऑइल कुणी बघितलं नाही. बॉक्सला डिपस्टिकच नाही म्हणे.

पाना_बारा | बुधवार, सकाळी ७:४४

मग मला पंपाचा संशय कमी वाटतो. पण संशयावर काम करायचं नाही. आधी ऑइल.

डिपस्टिक नसलेल्या बॉक्सला खालून चेक प्लग असतो. गाडी चारही चाकं सारख्या उंचीवर राहतील अशी उचलायची, फक्त पुढून जॅक लावून चालत नाही. इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पुन्हा पार्कला आणायचा. ऑइल ठरावीक तापमानाला आलं की प्लग उघडायचा. बारीक धार पडून थेंब-थेंब झाली की लेव्हल बरोबर. तापमान प्रत्येक बॉक्सचं वेगळं, कुठे ३५ ते ४५, कुठे ५० ते ६०. तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा.

इथे सोलापूरकर फसतात. दुपारी बाहेर ४२ डिग्री असताना ३५ ते ४५ वाला बॉक्स तपासायचा म्हणजे इंजिन चालू करायच्या आधीच ऑइल जवळजवळ तिथे पोचलेलं असतं. दोन मिनिटांत ते पुढे जातं. गरम ऑइल फुगतं, जास्त बाहेर पडतं, मिस्त्री म्हणतो लेव्हल झाली, आणि प्रत्यक्षात बॉक्स अर्धा लिटर उपाशी. सकाळी सहाला करा हे काम. जास्त भरलं तरी वाईटच. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

ऑइलचा रंग पांढऱ्या रुमालावर बघा. लाल किंवा तपकिरीकडे झुकलेलं लाल असेल तर ठीक. काळं आणि करपट वास असेल तर क्लच जळालेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय, मग गाडी अजिबात चालवू नका.

तिखटशेंगा | बुधवार, सकाळी ९:२०

चांगला धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, माझी एएमटी आहे. मलाही हा कोड येऊ शकतो का?

पाना_बारा | बुधवार, सकाळी ९:५१

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स, क्लच आणि गिअर यंत्र दाबतं एवढंच. तुमचं दुखणं वेगळं, त्याचे कोडही वेगळे.

कोथरूड_ते_कुर्डुवाडी | बुधवार, सकाळी ११:१०

९२ हजारांत एटीएफ (गिअरबॉक्सचं ऑइल) बदललंच नसेल तर आधी मशीन लावून फ्लश करून घ्या, निम्मे आजार त्यातच जातात. कंपन्या 'लाइफटाइम' म्हणतात ते गाडीचं नव्हे, वॉरंटीचं लाइफटाइम असतं.

पाना_बारा | बुधवार, दुपारी १२:०२

लाइफटाइमबद्दल सहमत. फ्लशबद्दल नाही. निदान व्हायच्या आधी ऑइल बदललं तर पुरावा ड्रममध्ये जातो. ९२ हजार किलोमीटरचं न बदललेलं ऑइल असेल तर मी प्रेशरने फ्लश करणारच नाही, काढायचं आणि तेवढंच भरायचं, हजारभर किलोमीटरने पुन्हा तेच. आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. "लाल आहे ना, चालतंय" हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकू येईल तिथून गाडी काढायची.

ओहमचा_शेजारी | बुधवार, रात्री ९:३०

मी गाड्यांमधला नाही, एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोल पॅनलचं काम करतो. पण हायड्रॉलिक प्रेसवर हा खेळ रोज असतो. म्हणून विचारतो, हे प्रेशर गाडीला कळतं कसं? सेन्सर आहे की नुसता स्विच?

पाना_बारा | बुधवार, रात्री ९:४८

मुद्द्याचं विचारलंत. सगळ्या बॉक्सना सेन्सर नसतो. काहींना फक्त प्रेशर स्विच असतात, दाब आहे की नाही एवढंच सांगणारे. काहींना काहीच नसतं, गिअरच्या गुणोत्तरावरून संगणक अंदाज बांधतो. हुरडाप्रेमींच्या मॉडेलला केसिंगवर बाहेरून बसवलेला तीन वायरचा सेन्सर आहे. एक ५ व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची.

ओहमचा_शेजारी | बुधवार, रात्री १०:१५

मग तर माझाच विषय की हो. असे सेन्सर बहुतेक रेशोमेट्रिक असतात. शून्य दाबाला साधारण ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५. पण हे केव्हा? त्याला पूर्ण ५ व्होल्ट मिळत असतील तेव्हा. पुरवठाच घटला तर सिग्नल त्याच प्रमाणात घटतो. वायर पूर्ण तुटली किंवा अर्थला टेकली तर संगणकाला सर्किटचा बिघाड कळतो आणि तो वेगळा कोड देतो (पी०८४२ वगैरे). पण वायर *अर्धवट* मेली असेल तर सेन्सर खोटं बोलतो आणि खोटं इतकं बेमालूम असतं की संगणक म्हणतो प्रेशरच कमी आहे.

आमच्याकडे एका प्रेसचा पंप याच कारणाने उगाच बदलला होता. नवीन पंपावरही तोच अलार्म आला तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

पाना_बारा | बुधवार, रात्री १०:३३

आणि आता झटक्याचा उलगडा होतो बघा. संगणकाला वाटलं दाब कमी आहे, म्हणून त्याने सोलेनॉइडला सांगितलं वाढव. दाब मुळात पुरेसा होता, तो अजून वाढला. अतिदाबावर क्लच बसला की धाडकन बसतो. तरी सेन्सर म्हणतोय कमी. शेवटी संगणकाने हात टेकले, लिंप मोड लावला, म्हणजे बॉक्स वाचवायला गाडी एकाच गिअरला अडकवून टाकली. लिंप मोडमध्ये बऱ्याच बॉक्समध्ये सोलेनॉइडचा करंट तोडतात, आणि करंट नसला की दाब सर्वात जास्त, अशीच रचना असते. बॉक्स घसरून जळण्यापेक्षा झटके खाल्लेले बरे म्हणून.

हा तर्क झाला. खात्री करायला मेकॅनिकल गेज लागेल. टेस्ट पोर्टला गेज आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा, दोन्ही एकदम बघायचे. दोघं सारखं बोलले आणि दोन्हीकडे दाब कमी, तर पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह. दोघांत भांडण लागलं तर गेजवर विश्वास ठेवायचा.

स्वस्तातलं ब्लूटूथवालं ईएलएम ३२७ स्कॅनर मात्र इथे बहुतेक कामाला येणार नाही. इंजिनचे कोड वाचतं, पण गिअरबॉक्सचा लाइव्ह डेटा बऱ्याच गाड्यांत दाखवत नाही.

बाळीवेशी | बुधवार, रात्री १०:४०

गेज कुठं मिळतंय सोलापुरात? जेसीबीचे होजपाइप बनवणाऱ्याकडं बघ. त्याच्याकडं ३०० पीएसआयचं गेज नसलं तर मला बोल. आन ऑटोमॅटिकबद्दल बोललो ते मागं घेतलो नाही.

हुरडाप्रेमी | शुक्रवार, रात्री ११:२०

दोन दिवस गायब होतो, क्षमस्व. जे जे झालं ते सगळं लिहितो.

गुरुवारी सकाळी सहाला विजापूर रोडच्या एका ओळखीच्या गॅरेजात गाडी चढवली (वर्कशॉप नव्हे, मालक स्वतः पाना धरतो असं गॅरेज). फ्रीज फ्रेम आधी लिहून घेतली. वेग ३४, आरपीएम २,९००, लोड ८१ टक्के, म्हणजे नेमका तो ओव्हरटेक. ऑइल लाल-तपकिरी, वास नाही, प्लगमधून काही पडलं नाही म्हणून भरायला घेतलं तर ३०० मिलीतच थेंब सुरू झाले. पाना काका म्हणाले, एवढ्यानं पी०८६८ येत नाही.

बाळीवेशी, तुझे उपकार. होजपाइपवाल्याने टेस्ट पोर्टच्या आट्यांचं निपल लेथवर काढून दिलं, गेज दिवसाच्या भाड्याने दिलं. डिपॉझिट मागितलं नाही, फक्त म्हणाला "तेल लागलं तर पुसून आण."

शुक्रवारी सकाळी तपासणी. गेज काचेसमोर बोनेटवर टेकवलेलं, स्कॅनर बायकोच्या हातात, मी स्टेअरिंगवर. आयडलला डी गिअरमध्ये गेज ६८ पीएसआय, स्कॅनर ७०. गळ्यात गळा. मग हँडब्रेक ओढून, ब्रेक पूर्ण दाबून, डीमध्ये अॅक्सिलरेटर दिला. (काकांनी फोनवर बजावलं होतं की स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर नाही, ऑइल तापतं. आणि गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही.) इंजिन मागे कललं, गेज २१० ला गेलं. बायको म्हणाली, "इकडे १२०."

मी म्हटलं पुन्हा वाच. "एकशेवीस. वाचता येतं मला."

दोन मिनिटं न्यूट्रलला थांबून परत केलं. पुन्हा गेज २१०, स्कॅनर १२० च्या आसपास नाचतोय. पाय काढला, इंजिन जागेवर बसलं, दोघांत पुन्हा समेट.

ओहमचा_शेजारी | शुक्रवार, रात्री ११:३१

इंजिन कलल्यावरच! म्हणजे कुठेतरी वायर ओढली जातेय. सेन्सरचा प्लग लावलेला ठेवून मागून बारीक पिन घालून ५ व्होल्टची लाइन मोजा. प्लग काढून मोजलंत तर ४.९८ दिसेल आणि फसाल, कारण करंटच वाहत नाही.

हुरडाप्रेमी | शनिवार, दुपारी १:१०

सापडलं!

मल्टीमीटरची जाड टोकं प्लगच्या मागून जाईनात, शेवटी बायकोच्या साडीची पिन घातली (तिने ती परत घेतलेली नाही). इग्निशन ऑन, इंजिन बंद, ४.९६ व्होल्ट. गॅरेजवाल्याने वायरिंगचा झुपका बॅटरीच्या दिशेने हळूच ओढला. ४.९६, ४.९६, ३.८, ३.२. सोडलं की ४.९६.

बॅटरीचा ट्रे काढला. मार्चमध्ये घरी येऊन बॅटरी बदलून गेलेल्या पोराने ट्रेखालची वायरिंगची क्लिप तोडून तशीच ठेवली होती. त्यामुळे झुपका ट्रेच्या पत्र्याच्या कडेवर टेकलेला. महिनाभर इंजिन हललं की वायर पत्र्यावर घासत होती. वरचं काळं आवरण फाटलेलं, आत ५ व्होल्टच्या पिवळ्या वायरचं प्लास्टिक सोललेलं आणि तांब्याच्या तारांचा हिरवा चुरा झालेला. नखाने उकरलं तर गळून पडला. शाबूत तारा मोजल्या, दोन. त्यातली एक आमच्यासमोर तुटली.

सपाट रस्त्यावर इंजिन फारसं कलत नाही म्हणून रोज काही जाणवायचं नाही. घाटात पाय दाबला की नेमका ताण.

पाना_बारा | शनिवार, दुपारी १:२५

शाब्बास. वायर नुसती पिळून टेप मारू देऊ नका. खराब भाग कापून त्याच जाडीचा तुकडा सोल्डर करा, वरून हीटश्रिंक, नवी क्लिप, आणि वायरला थोडा ढिलेपणा. मग कोड पुसा, आता हरकत नाही.

हुरडाप्रेमी | रविवार, रात्री ८:४५

सोल्डरिंग, हीटश्रिंक, क्लिप मिळून ऑटो इलेक्ट्रिशियनने ६५० घेतले. गेजचं भाडं २००, निपलचे १५०, ऑइल एक डबा. काल संध्याकाळी आणि आज सकाळी घाट दोनदा चढलो, ट्रक शोधून शोधून ओव्हरटेक केले. झटका नाही, दिवा नाही. स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर हातात हात घालून चाललंय.

आज सासूबाई सोबत होत्या, ओटीही होती. त्यामुळे गाडी नेमकी कशाने बरी झाली यावर घरात दोन मतं आहेत.

वर्कशॉपवाल्याचा फोन आला होता, "साहेब, कधी खोलायचा बॉक्स?" साडीच्या पिनेची गोष्ट त्याला सांगितली. तो म्हणाला, "आमच्याकडं पिना नसतात."

बाळीवेशी | रविवार, रात्री ८:५०

हुरडा कधी खाऊ घालूलालास ते बोल.

हुरडाप्रेमी | रविवार, रात्री ८:५२

एप्रिलमध्ये हुरडा? थंडी पडू दे. तोवर शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

तिखटशेंगा | रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन! पाना काका, भावाच्या गाडीला पी०७४१ आलाय, ८० च्या स्पीडला आरपीएम खाली येत नाही. हीच वायर असेल का?

पाना_बारा | रविवार, रात्री ९:४१

नाही. तो टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या लॉकअप क्लचचा विषय. वेगळा धागा काढा. आणि कोड पुसू नका!